वैतरणेपलीकडची सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गाणी झाली, अहवाल वाचून झाला, आणि आता "गेल्या वर्षीच्या सहलीवर चार शब्द बोला" असे चिटणीसबाईंनी मला फर्माविले आहे. सहलीचा जमाखर्च अहवालात आलाच आहे. गाडीला किती लागले, बोटीला किती लागले, वर्गणीतून किती उरले, हे सारे खजिनदारबाईंनी पै-पैशाने मांडले आहे. तेव्हा जे अहवालात आले नाही आणि येण्यासारखे नव्हते, तेवढेच मी सांगणार आहे. ज्यांच्याविषयी सांगायचे त्यांची परवानगी मी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण नाव घेऊ नकोस." म्हणून मी त्यांना नुसते काकी म्हणेन. आपण ओळखालच, पण ओळखले तरी मागे वळून पाहू नका.

आमच्या सहलीची ठिकाणे आजवर ठरलेली असत. एक वर्ष तुंगारेश्वर, एक वर्ष वज्रेश्वरी, फार तर टिटवाळा. देवदर्शन झाले, डबे उघडले, की सहल संपली. गेल्या वर्षी मात्र सभेत दोन तट पडले. तरुण सभासद म्हणाल्या, "देव पुष्कळ झाले, आता धबधबा पाहू." वयस्क सभासद म्हणाल्या, "आमचे गुडघे डोंगर चढायचे नाहीत. बोटीतून नेत असाल तर येऊ." आता धबधबा डोंगरात आणि बोट पाण्यात, दोघींची मर्जी कशी राखायची?

कोणी चिंचोटीचे नाव काढले. कामणजवळचे हे ठिकाण आपल्या तालुक्यातले, जवळचे. पण ते नाव निघताच अर्ध्याजणींनी मान हलविली. २०१८ सालच्या जुलैत तिथे पाणी अचानक वाढून शंभरावर माणसे अडकली होती, आणि एकाचा जीव गेला, हे कोणी विसरलेले नाही. त्याआधी आणि नंतरही तिथल्या डोहाने पुष्कळ घरे दुःखी केली आहेत.

तोडगा काढला तो खजिनदारबाईंनी. त्या म्हणाल्या, "विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या खारवाडेश्रीला गाड्या नेणारी बोट निघते. आपण गाडीसकट वैतरणा ओलांडू. पुढे सफाळे, पालघर, आणि पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड. तिथे धबधबा आहे, आणि फार चढायचेही नाही." दोन्ही तट खूश झाले. दिवस ठरला तो भाद्रपद वद्यातला. गणपती झालेले, घट बसायचे बाकी, पाऊस ओसरत आलेला. आणि खरे सांगायचे तर पितृपंधरवड्यात लग्नमुंजी नसल्यामुळे गाडी स्वस्तात मिळते, हाही एक विचार त्यात होता.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाली, "अहो, पितृपक्षात वैतरणा ओलांडायची? गाईची शेपटी कोण धरणार?" सगळ्याजणी हसल्या. एकट्या काकी हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "मी येणार नाही."

आम्ही समजलो, जुन्या वळणाची बाई, मनात काहीतरी आले असेल. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी समजूत घालायला गेलो. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई त्यांना म्हणाल्या, "काकी, गरुडपुराणातली ती वैतरणी. आपली वैतरणा वेगळी. ती त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, गोदावरीच्या शेजारी. एका घरच्या दोन मुली, एक पूर्वेला दिली, ती पार बंगालच्या उपसागरापर्यंत गेली. दुसरी पश्चिमेला दिली, ती दीडशे किलोमीटर वाहत आपल्या अर्नाळ्याला समुद्राला मिळते." काकींनी सगळे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, वैतरणा मला शिकवू नका. तिच्या काठावर मी लहानाची मोठी झाले आहे." त्यापुढे बोलणे खुंटले.

पण सहलीच्या आदल्या संध्याकाळी खजिनदारबाईंच्या दारात काकी येऊन उभ्या. पदराच्या गाठीतून वर्गणी काढली, मोजून हातावर ठेवली, आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या.

सकाळी आम्ही पंधराजणी निघालो. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी, भोकराचे लोणचे, आणि वसईची म्हणून मुद्दाम घेतलेली सुकेळी. मारंबळपाड्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट लागलेलीच होती. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. या बोटीचा पुढचा फाळका धक्क्यावर खाली टेकतो, आणि त्यावरून मोटारी, रिक्षा, मोटारसायकली सरळ आत जातात. माणसे गाडीत बसून राहिली तरी चालते; पण बोटीत येऊन गाडीत कोण बसते? आम्ही साऱ्या कठड्याला जाऊन उभ्या राहिलो.

भरतीची वेळ होती. पाणी गढूळ, तपकिरी, पण भरलेले. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी किनार, तिच्यात बगळे. वारा असा की पदर सावरता सावरेना. भेंड्या सुरू झाल्या. पंधरा मिनिटे गेली न गेली तोच पलीकडचा धक्का आला, आणि आमच्यातली सर्वांत धाकटी चिडून म्हणाली, "हे काय, एवढ्यात संपली?"

संपली खरी. पण भगिनींनो, ही पंधरा मिनिटे किती मोठी आहेत ते ऐका. पाण्यावरून हे अंतर सुमारे दीड किलोमीटर. तेच रस्त्याने, मोठ्या हमरस्त्याला वळसा घालून जायचे तर साठ किलोमीटरच्या घरात जाते. ही बोट १९ एप्रिल २०२५ रोजी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. तिच्या आधी फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदरची अशीच बोट सुरू झाली होती. त्यापूर्वी समोरच्या काठावर जायचे म्हणजे लहान होडी, तीही वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या मर्जीने. नाही तर विरारहून आगगाडीने सफाळ्याला उतरायचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने खाडीकाठापर्यंत उलट यायचे. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली तीच मुळी २०१३ साली. आणि १ ऑगस्ट २०१४ ला आपला पालघर जिल्हा झाला तेव्हापासून तर कचेरीचे प्रत्येक काम आपल्याला नदीपलीकडे घेऊन जाते.

याच नदीत वाढीव आणि वैतीपाडा ही बेटावरची वस्ती आहे. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने चालत ये-जा केली आहे, आणि त्यात माणसे दगावली आहेत. याच नदीवर वरच्या अंगाला धरणे बांधली आहेत. १९५७ सालचा मोडकसागर, १९७३ सालची अपर वैतरणा, २०१४ सालची मध्य वैतरणा. त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. मुंबईला पाणी पाजणारी ही नदी. पण तिच्या मुखाशी एका काठाहून दुसऱ्या काठाला जायला सोय व्हावी म्हणून किती वर्षे गेली पाहा.

हे सगळे मी तेव्हा कठड्याशी उभी राहून मनात आणले, असे मात्र नाही. तेव्हा मी काकींकडे पाहत होते. त्या भेंड्यांत नव्हत्या. पुढच्या टोकाला उभ्या राहून त्या समोरच्या काठाकडे टक लावून पाहत होत्या, आणि हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

सफाळे, केळवे रोड, पालघर असे करत आम्ही वाघोबाच्या खिंडीत पोहोचलो. खिंडीत वाघोबाचे देऊळ आहे. जाणारा-येणारा तिथे थांबून हात जोडतो. वारली लोकांचा हा जुना देव. ज्याची भीती वाटते त्यालाच राखण करायला सांगावे, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आम्हीही नारळ वाढविला. माकडांनी त्यातला प्रसाद आमच्या आधी खाल्ला.

धबधब्याविषयी दोन शब्द बोलायला हवेत, कारण यंदा घरच्या मुलाबाळांना घेऊन जाण्याचा अनेकींचा विचार आहे. पावसाच्या दिवसांत धबधब्यांवर जाण्यास बंदीचे हुकूम निघतात. निघण्यापूर्वी तशी काही बंदी आहे का, याची आम्ही चौकशी करून घेतली होती. तुम्हीही घ्या. धबधब्याखालचा डोह किती खोल आहे ते वरून कळत नाही. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की हसणे-खिदळणे सोडून तत्काळ बाहेर यायचे. चप्पल राहिली तर राहू द्यायची. आमच्या निवृत्त बाई काठावर शिट्टी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शाळेत चाळीस वर्षे शिट्टी वाजविली आहे. कोणाची बिशाद नव्हती गुडघ्याच्या वर पाण्यात जाण्याची.

धबधबा फार मोठा नव्हता, पण देखणा होता. काळ्या कातळावरून पांढरे पाणी, भोवती ओले हिरवे रान. ज्या सुनांना घरी मोठ्याने हसायची चोरी, त्या तुषारांत उभ्या राहून लहान मुलींसारख्या ओरडत होत्या. मी काकींजवळ दगडावर बसले. त्या पाय सोडूनही बसल्या नव्हत्या. मी म्हटले, "काकी, पाय तरी भिजवा." त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "माझा भाऊ अशाच पाण्यापावसात गेला."

आणि मग त्यांनी सांगितले. धबधब्याचा आवाज एवढा होता, की दोन हातांवरच्या बाईलाही ऐकू गेले नसते. त्यामुळेच त्यांना सांगता आले, असे मला वाटते.

त्यांचे माहेर जलसारच्या बाजूचे, खाडीकाठचे. सासर इकडे विरारला. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना काठावर नेऊन दाखविले होते, "ते बघ तुझे गाव." माहेर रोज दिसायचे आणि वर्षातून दोनदाच भेटायचे. १९९६ सालच्या आषाढात एका रात्री उशिरा निरोप आला, की भाऊ गेला. पाऊस कोसळत होता. काकी आणि त्यांचे यजमान तसेच काठावर गेले. नावाड्याने होडी काढायला नकार दिला. आणि त्याचे बरोबरच होते, अशा पाण्यात होडी घालणे म्हणजे आणखी चार जीव घालविणे. समोर माहेरच्या अंगाला दिवे दिसत होते. काकी म्हणाल्या, "त्यातला आमच्या अंगणातला कोणता, ते मी ओळखत होते. दीड-दोन तास मी त्या दिव्याकडे बघत उभी राहिले. हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटत होते."

पहाटे त्या विरार स्टेशनवर गेल्या. रुळांवर पाणी, गाड्या बंद. गाडी सुरू होऊन सफाळे, तिथून पुढे चिखल तुडवीत घरी पोहोचेपर्यंत दुपार झाली. सगळे आटोपले होते. काकींनी वहिनीला एकच विचारले, "थोडी थांबली असतीस तर काय बिघडले असते?" वहिनी नवऱ्याच्या दुःखात, ती काही बोलली नाही. काकी त्याच पावली परतल्या. त्या दिवसापासून त्या माहेरी गेल्या नाहीत. पुढे आगगाड्या वाढल्या, लोकल आली, बोट आली. पण त्या गेल्या नाहीत. समोरचा काठ रोज दिसत होता, त्यामुळे राग जुना व्हायला वेळ मिळाला नाही.

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलण्यासारखे काही नसतेच. मी पिशवीतली सुकेळी त्यांच्या हातावर ठेवली. त्या म्हणाल्या, "नको, माझ्याजवळ आहेत. जास्तीची घेतली आहेत." तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्या पिशवीत काय आहे आणि ते कोणासाठी आहे.

परतताना जलसारच्या जवळ आलो आणि काकींनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितले. खजिनदारबाईंनी घड्याळ पाहिले. बोटीच्या शेवटच्या फेरीला पाऊण तास होता. ती चुकली तर पंधराजणींना रात्रीचा साठ किलोमीटरचा वळसा. पण काकींचा चेहरा पाहून त्याही गप्प बसल्या. "वीस मिनिटे," त्या म्हणाल्या. काकी मला म्हणाल्या, "तू चल बरोबर. मला एकटीला जमायचे नाही."

घर तेच होते. कौले जाऊन वर स्लॅब आलेला. अंगणात एक म्हातारी बाई भाजी निवडीत बसली होती. तिने वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उठायचा प्रयत्न करीत म्हणाली, "वन्सं?"

भगिनींनो, नाटकात अशा वेळी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. इथे तसे काही झाले नाही. काकी पायरीवर बसल्या आणि जो प्रश्न त्यांनी १९९६ साली विचारला होता, तोच पुन्हा विचारला. "थांबली का नाहीस?"

वहिनी म्हणाल्या, "थांबले होते ना! सकाळी भरती उतरेपर्यंत सगळ्यांना थांबवून धरले. थोरल्या पोराला काठावर उभे केले होते, तुमची होडी दिसली की धावत ये म्हणून. पोर भिजून थरथरत होता. तुम्ही नेहमी पाण्यानेच यायच्या. गाडीने याल हे आमच्या डोक्यातच आले नाही. शेवटी माणसे म्हणाली, पाऊस वाढतो आहे, आता थांबता येणार नाही."

म्हणजे पाहा. ही बाई स्टेशनवर आगगाडीची वाट पाहत उभी, आणि तो पोरगा काठावर होडीची वाट पाहत उभा. दोघेही तिच्यासाठीच थांबलेले, पण दोन वेगवेगळ्या ठिकाणी. मध्ये दीड किलोमीटर पाणी.

काकी म्हणाल्या, "मग तेव्हा का नाही सांगितलेस?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही विचारलेत आणि उत्तर ऐकायच्या आधी निघालात." यावर दोघींचे चांगले पाच मिनिटे भांडण झाले. मी मध्ये पडले नाही. इतक्या वर्षांत त्या प्रथमच बोलत होत्या; भांडत का होईना. मग चहा आला. सुकेळी पिशवीतून बाहेर आली. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवीत होता.

आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा फाळका उचलण्याच्या बेतात होते. आमच्या निवृत्त बाईंनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून शिट्टी वाजविली. बोटीवरची माणसे हसली आणि थांबली. परतीच्या वाटेवर अंधार पडत होता. काकी या वेळी बोटीच्या मागच्या टोकाला उभ्या होत्या. पलीकडे दिवे लागले होते. मी विचारले, "तुमच्या अंगणातला कोणता?" त्या म्हणाल्या, "आता ओळखत नाही ग, फार दिवे झाले." आणि पदराने डोळे पुसून भेंड्यांत जाऊन बसल्या.

मला एवढेच सांगायचे आहे. आपण बायका अंतर किलोमीटरांत मोजत नाही. माहेर किती लांब, तर शेवटची गाडी किती वाजता सुटते तेवढे लांब. जिथे रात्री-अपरात्री जाता येत नाही, ते डोळ्यांसमोर असले तरी दूरच असते. बोटीने काकींचा राग घालविला, असे मी म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत त्या गाडीने कधीही जाऊ शकल्या असत्या. पण गाडीने जायला मनाशी ठरवावे लागते, तिकीट काढावे लागते, घरी कारण सांगावे लागते. इथे मंडळाची सहल होती, धबधबा होता, पंधराजणींची सोबत होती. कारण न सांगता जायला मिळाले. सहलीचा हा उपयोग मला पूर्वी माहीत नव्हता.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक लहानशी सूचना आहे. दोन्ही बोटींच्या फेऱ्यांच्या वेळा मंडळाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात, आणि बदलल्या की त्या दिवशी बदलाव्यात. आपल्यात पलीकडच्या माहेरवाशिणी किती आहेत, हे मी या सहलीनंतर विचारून पाहिले. एकट्या आमच्या आळीत चौघी निघाल्या. यंदाची सहल ठरविताना आधी त्यांना विचारावे. धबधबा वाटेत कुठेतरी लागेलच.

आता मला आवरते घेतले पाहिजे. पुढच्या रांगेत, काकींच्या शेजारी, एक पाहुण्या बसल्या आहेत. आज सकाळच्या फेरीने त्या एकट्या आल्या. आल्याबरोबर त्या दाराशी थबकल्या होत्या, की हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मी कशी येऊ? अध्यक्षबाईंनी हाताला धरून त्यांना आत आणले आणि पहिले कुंकू त्यांनाच लावले, हे तुम्ही पाहिलेत. त्यांना संध्याकाळची बोट गाठायची आहे, आणि या वेळी बोट थांबवायला आमच्या बाईंची शिट्टी तिथे असणार नाही.